शिकारगाडीतला रेडिओ

गाडी माझ्या ताब्यात आली तेव्हा तिच्यात पलंग होता, मिटायचं टेबल होतं, पितळी नळाचं बेसिनसुद्धा होतं. फक्त रेडिओ नव्हता. पलंगासमोरच्या भिंतीत शिसवी कपाट होतं आणि त्यात एकेकाळी रेडिओ आणि ग्रामोफोन असं जोडयंत्र बसवलेलं असणार. आता तिथं लाल मखमलीवर एक गडद चौकोन उरला होता, खटक्यांची तीन भोकं होती आणि कापडी वेष्टणाच्या चार तुटक्या वायरी बाहेर डोकावत होत्या. आवाजाच्या जाळीमागचं कापड कसरीनं खाल्लं होतं.

ती कुठल्याशा संस्थानिकाची शिकारगाडी. तिला इंजिन नव्हतं, पुढं ट्रक जोडून ओढत न्यावी लागे. महाराज रानात वाघाची वाट बघत गाणी ऐकत असावेत. वाघ अर्थातच ती ऐकून दुसऱ्या रानात जात असावा. संस्थानं गेल्यावर ती या हातातून त्या हातात फिरत लोणावळ्याच्या एका बंगल्याच्या आवारात येऊन पडली, आणि मी पाहिली तेव्हा पलंगावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. मी गाडी घेतली. कोंबडी मालकानं ठेवून घेतली.

हा शौक नव्हता. साठ सालाच्या आधीची ती वर्षं. माझी नोकरी पाऊस मोजायची. भुशीच्या वरच्या माळावर पर्जन्यमापक होता. रोज सकाळी ठरल्या वेळी त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा लिहायचा आणि आठवड्याला पुण्याच्या कचेरीत पाठवायचा. राहायला पत्र्याची एक खोली दिली होती. तिचे पत्रे दर आषाढात उडून खालच्या ओढ्यात जायचे आणि भाद्रपदात मी ते गोळा करून आणायचो. शेवटी साहेबाची परवानगी काढली आणि लाकडं वाहणाऱ्या ट्रकला जोडून गाडी वर नेली. बाजारात तिला लोक राजाचा डबा म्हणू लागले. मला मात्र राजा कुणी म्हटलं नाही.

त्या पत्र्याच्या खोलीत माझी बायकोही दोन वर्षं राहिली होती. मग पुण्याला माहेरी गेली आणि परत आली नाही. भांडण झालं नव्हतं. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. बोलायची ती एकटी. चुलीपाशी, धुणं वाळत घालताना, कंदील पुसताना ती बोलत असायची आणि मी वर्तमानपत्रामागून "हूं" म्हणायचो. काही दिवस तेही म्हणायचो नाही. जाताना ट्रंकेला कुलूप लावत ती म्हणाली, "पावसाचा थेंबन् थेंब तुम्ही मोजता. मी एवढं बोलले, त्यातलं एक तरी वाक्य आठवतंय का सांगा." मी आठवायला लागलो. मी आठवत होतो तोवर ती निघालीसुद्धा.

वर्षभरानं मेहुण्याचं कार्ड आलं. त्यात सहज लिहिल्यासारखं लिहिलं होतं की, ताईला रेडिओवर काम मिळालंय, दर मंगळवारी दुपारी बायकांच्या कार्यक्रमात ती श्रोत्यांची पत्रं वाचते आणि उत्तरं देते. म्हणजे माझी बायको साऱ्या जिल्ह्याशी बोलत होती आणि एका मलाच ऐकू येत नव्हती.

ऐकायचं म्हणून एका मंगळवारी मी लोणावळ्याच्या बाजारात गेलो. एका हॉटेलात रेडिओ होता. गल्ल्यावरच्या माणसाला म्हटलं, जरा पुणे लावा. त्यानं लावलं. बाई बोलू लागली तसा त्यानं माझ्याकडं बघत खटका फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हा बायकांचा कार्यक्रम आहे." आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि भजी न खाताच उठलो. तिचा आवाज होता की दुसरीचा, तेही कळलं नव्हतं.

त्या दिवशी चढ चढताना माझा बेत ठरला. त्या रिकाम्या कपाटात रेडिओ बसवायचा. दर मंगळवारी ऐकायचं आणि ती काय काय बोलली ते तिला पत्रानं कळवायचं, वाक्यासकट. तिला पटलं पाहिजे की हा माणूस आता ऐकतो. मग ती परत येईल. बेत इतका सोपा होता की वर्षभर मला तो सुचला कसा नाही याचाच राग आला.

बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक जण होता. आधी रेल्वेत तारेचं काम करायचा, तिथला फटकळपणा दुकानातही आणला होता. तो माझ्याबरोबर वर आला, कपाटात डोकं घालून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, ह्या मापाचा सेट आता मिळणं मुश्किल. राजाचं कपाट आहे. तुम्ही प्रजेचा रेडिओ बसवा." एका बंद होणाऱ्या बंगल्यातून त्यानं जुना व्हॉल्व्हचा सेट आणला आणि मोटारच्या बॅटरीवर चालेल असा करून दिला. कपाटात तो इतका लहान दिसायचा की सफरचंदाच्या खोक्याच्या फळ्या कापून मी त्याच्याभोवती चौकट बसवली. खटके दोन आणि भोकं तीन. तिसऱ्या भोकात कोटाचं बटण चिकटवलं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स काढलं. गाडीच्या टपापासून जांभळीच्या शेंड्यापर्यंत एरियलची तार ओढली.

लावला, तर नुसती घरघर. तिच्या पार तळाशी कुणीतरी बाजारभाव सांगत होतं.

"अर्थिंग पाहिजे," दुरुस्तीवाला म्हणाला. "खड्डा खणा, कमरेएवढा."

खड्डा मी खणला. त्यात रेडिओच्या दुसऱ्या तारेला जोडलेली तांब्याची पट्टी उभी ठेवली, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ, परत कोळसा, परत मीठ असे थर घातले आणि माती लोटली. गुरांनी तुडवू नये म्हणून भोवती दगड लावले. तार ओढली जाऊ नये म्हणून एक उभा दगड रोवून तिला त्याच्याशी वेढा दिला. जाताना त्यानं बजावलं, "जागा ओली ठेवा. रोज तांब्याभर पाणी. सुकली की आवाज गेला."

हे सगळं समोरच्या उतारावरच्या वाडीतली मावशी बघत होती. तिच्या दोन म्हशी माळावर चरायच्या आणि ती कांबळं अंगावर घेऊन दगडावर बसायची. माझ्याशी तोवर ती फारशी बोलली नव्हती. पाऊस मोजणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

पहिल्या मंगळवारी मी बाराच्या आधीच दाढी करून बसलो. मग रेडिओवर बायको बोलू लागली. जुन्नरकडच्या कुणा बाईच्या लोणच्याला बुरशी आली होती आणि माझी बायको तिला बरणी उन्हात कशी तापवायची ते सांगत होती. मला रडू आलं. लोणच्याच्या बरणीवर रडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बोलताना ती मध्येच जरा थांबायची. घरीही अशीच थांबायची. आता समजलं की ती माझ्या "हूं"साठी थांबायची. गाडीत एकटा बसून मी "हूं" म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

त्याच दुपारी कार्ड लिहिलं. बरणी, ऊन, मोहरी फेसायची रीत, सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या मंगळवारी परत लिहिलं. पोस्टातला कारकून ती कार्डं वाचत असणार, कारण एकदा त्यानं मला कैरीच्या फोडींचं माप विचारलं.

आणि रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी. उन्हाळ्यात ओढा आटला की मी अर्धा मैल खालून पाणी आणायचो, आंघोळ चुकवायचो, पण ती जागा ओली ठेवायचो. एके दिवशी पाणी घालून उभा होतो, तर मावशी मागं येऊन थांबली. डोईचा पदर सारखा केला. त्या उभ्या दगडाकडं बघत हळू म्हणाली, "भाऊ, कारभारीन का?"

मला आधी समजलंच नाही. मग तिच्या डोळ्यांनी मी ते बघितलं. खड्डा, कोळसा, मीठ, उभा दगड, रोजचं पाणी आणि एकटा माणूस. त्यांच्या वाडीत माणूस गेलं की दगडाला पाणी घालतात. तिचं काही चुकलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं: मावशी, ही रेडिओची तार आहे, बायको पुण्याला आहे. पण मग तिनं विचारलं असतं, पुण्याला का? बायको वारली म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. सोडून गेली म्हटलं की त्याच लोकांचे डोळे चमकतात. मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो. गप्प राहणं मला जन्मापासून येतं.

"लय वंगाळ झालं," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून वाडी बदलली. नाचणीची भाकरी आली, करवंदं आली, पावसाळ्यात फोडशीची भाजी आली. मला ताप आला तेव्हा मावशीच्या मुलानं दोन सकाळी पाऊस मोजून आकडा कोळशानं गाडीच्या दारावर लिहून ठेवला. मी कुणाचा काहीच नव्हतो. जिला मी जिवंतपणी मारली होती, तिच्या नावावर हे सगळं मी खात होतो. परत पाठवावं असं दर वेळी वाटायचं. पण खायचो.

मंगळवारी दुपारी मावशी येऊन गाडीच्या पायरीवर बसायची. रेडिओ काय ते तिला माहीत होतं, बाजारात ऐकला होता. माझ्या बायकोचं बोलणं ती मन लावून ऐकायची. "ही बाई लय चांगलं बोलती," म्हणायची. "आपल्याला इचारून ऱ्हायलीया आसं वाटतं. व्हय का न्हाई, भाऊ?" मी हूं म्हणायचो.

पाऊस ओसरला, पितृपक्ष लागला. अविधवा नवमीला मावशी सकाळीच आली. मी मापातलं पाणी ओतत होतो. तिनं दगड धुतला, हळदकुंकू लावलं, पानावर भात ठेवला आणि पदराच्या गाठीतून हिरव्या बांगड्या काढून दगडापाशी मांडल्या. "अहेव गेली," म्हणाली, "तिला आजच्या दिशी हिरवं पायजे." कावळा आला. त्यानं भात खाल्ला. दोघंही समाधानानं गेली आणि मी तसाच माप हातात धरून उभा राहिलो.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून कार्ड आलं. इतक्या महिन्यांत पहिलं. एकच ओळ होती: "रस्ता सुकला असेल तर रविवारी येऊन जाते."

मी गाडी आतून धुतली. शिसवी कपाटाला तेल लावलं. बांगड्या उचलून ठेवाव्यात असं दहा वेळा मनात आलं. पण मावशीनं वाहिलेलं उचलायला हात होईना. कुंकवावर दोन तांबे पाणी ओतलं, ते नुसतं पसरलं.

ती सकाळच्या गाडीनं आली, स्टेशनपासून चालत वर आली. हातात छत्री होती आणि एक लहान पिशवी. पिशवी लहान आहे हे मी लगेच बघितलं. पण मग ती गाडीत बसली, चहा घेतला, रेडिओकडं बघून म्हणाली, "इथून ऐकता होय?" कोटाच्या बटणाला बोट लावून हसली. ते बटण तिनंच कधीतरी शिवलेलं होतं. मी बोलत होतो, आणि बराच बोलत होतो. ती "हूं" म्हणत होती. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात बाहेरून मावशीचा आवाज आला. ती पाणी घेऊन आली होती, कारण आताशा मी विसरलो तर तीच घालायची. बायको दारात गेली आणि म्हणाली, "या ना मावशी, बसा."

मावशीचा तांब्या हातातच राहिला. "ओ बया! तुमी रेडिओतल्या बाई न्हवं का? आवाज वळखला मी!" ती हरखूनच गेली. "आवं, ह्यो भाऊ मंगळवारी तुमचं ऐकतु. भाकर तशीच ऱ्हाती बगा. तुमी बोलायला लागला की डोळं पुसतु. बायको गेली ना त्याची. हितं हाय ती." आणि तिनं दगड दाखवला. "आमी पानी घालतु."

माझी बायको पायरी उतरली. दगडापाशी गेली. कुंकू बघितलं, बांगड्या बघितल्या, खाली वाकून एक उचलली.

"काय झालं होतं त्यांना?" तिनं विचारलं.

"भाऊ सांगत न्हाई. आमीबी इचारत न्हाई. तिचं कायबी बोलत न्हाई त्यो."

"नाहीच बोलत ते," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "या बांगड्या तुम्ही वाहिल्या?"

त्या क्षणी खोटं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. पण नको तिथं खोटं बोलून झालं होतं आणि नको तिथं खरं आलं.

"नाही," मी म्हणालो. "मावशीनं."

"वाटलंच."

तिनं बांगडी परत ठेवली. मावशीच्या हातून तांब्या घेतला आणि स्वतःच त्या जागेवर पाणी घातलं, सावकाश, तांब्या पुरता रिकामा होईपर्यंत. मावशीला वाटलं, मोठ्या मनाची बाई. बायको निघताना मावशीनं माझ्या गाडीत कुंकवाची डबी शोधली; ती नव्हती. म्हणून दगडावरचंच ओलं कुंकू बोटावर घेऊन तिच्या कपाळाला लावलं. बायकोनं मान पुढं केली आणि लावून घेतलं. मी तिची छत्री उचलली. स्टेशनपर्यंत बरोबर चाललो. गाडी सुटताना ती खिडकीतून एवढंच म्हणाली, "मावशींना खरं सांगा. सांगितलंत की कळवा. मग मी येईन."

येईन म्हणाली होती. राहायला येईन असाच त्याचा अर्थ होता, माझी खात्री आहे.

किती सोपं होतं! मावशी रोज भेटायची. मी सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. मग ती भाकरी घेऊन यायची आणि मी म्हणायचो, उद्या. मग तिच्या सुनेचं बाळंतपण आलं, अशा वेळी कुठं सांगा. मग भातकापणी. मग तिनं नव्या भाताच्या लोंब्या आणून दगडावर ठेवल्या. मंगळवारी रेडिओ लावायचो, कार्ड लिहायचो. त्यात लोणची, बाळंतविडे, स्वेटरचे टाके असं सगळं असायचं. बायकोला हवी होती ती ओळ तेवढी नसायची. तीही आता बोलताना थांबायची नाही. एक पत्र संपलं की दुसरं वाचायची.

दोन पावसाळे असे गेले. मग एका मंगळवारी दुसराच आवाज लागला. कुणी तरुण मुलगी होती, तीही चांगलं बोलत होती. मी मेहुण्याला विचारलं. त्यानं कळवलं, ताईनं ते काम सोडलंय, शाळेत शिकवते. मावशी पायरीवर होती. थोडा वेळ ऐकून उठली आणि म्हणाली, "ती बाई कुटं गेली?" मी म्हणालो, "ठाऊक नाही." त्या संध्याकाळी मी पाणी घातलं नाही. मावशीनं घातलं.

पुढं माझी बदली झाली. गाडी कुणी घेईना, ती तिथंच राहिली. रेडिओ तेवढा काढून घेतला. लाल मखमलीवर आता दोन चौकोन होते, एक मोठा आणि त्याच्या आत एक लहान. तार मी जमिनीलगत कापली. दगड उपटायला गेलो तर मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. आमी हाय की." हा खरं सांगायचा शेवटचा दिवस होता. मी तिच्या पाया पडलो आणि ट्रकमध्ये बसलो.

परत गेलो तो पंचाहत्तरच्या सुमाराला, नोकरी संपल्यावर. खाली भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवर सहलीची पोरं भिजत होती. वर माळ तसाच होता. गाडीचा सांगाडा उरला होता आणि त्यात वाडीतल्या कुणाची वैरण भरलेली होती. दगड मात्र जागेवर होता, कुंकवासकट. भोवतालचं गवत काढलेलं होतं. एक बाई तांब्या घेऊन आली. मावशीची सून, मला तिनं ओळखलं नाही. मावशी जाऊन चार वर्षं झाली होती. जाताना सुनेला पाण्याचं सांगून गेली होती.

"हितं कोन हाय ते ठावं हाय का तुमाला?" तिनंच विचारलं. "डब्यातल्या सायबाची बायकू. लय गुनाची व्हती म्हनं."

"जिवंत आहे ती," मी म्हणालो. अठरा वर्षं अडकलेलं वाक्य इतकं सहज बाहेर आलं की माझा मलाच धक्का बसला. "पुण्याला असते. ही रेडिओची तार पुरलेली जागा आहे. तो साहेब मीच."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. हसली नाही, चिडली नाही. तांब्या तसाच कमरेवर ठेवून म्हणाली, "मंग हितं आनली का न्हाई तिला?"

ती थोडी थांबली. मग आणलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून की काय, तिनं ते दगडावर ओतलं आणि वाडीकडं गेली.

उतरून बाजारात आलो तेव्हा पोस्ट अजून उघडं होतं. एक कार्ड घेतलं आणि लिहिलं, "मावशींना सांगायचं राहिलं. आज त्यांच्या सुनेला सांगितलं." पत्ता तोच असेल का, काही कल्पना नव्हती. जुनाच घातला.